बंब, आवाज कसा?

शिवगण हवालदार गेल्याचं काशीरामला त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं. गणपती नुकतेच गेले होते. ती म्हणाली, "मी वेदिका, सखाराम शिवगणांची मुलगी. बाबांच्या फोनमध्ये तुमचं नाव 'बंब' असं आहे. खरं नाव काय तुमचं, काका?" काशीरामने नाव सांगितलं. शोकसभेत चार शब्द बोलाल का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "बाळा, मी त्यांना तेवढा ओळखत नव्हतो गं."

हे काही विनयाने म्हटलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांची ओळख. पण समोरासमोर भेट झाली ती चार वेळा. हवालदारांचं गाव हर्णैकडचं, अशी काशीरामची समजूत होती. ते निघाले चिपळूणकडचे, अलोऱ्याजवळचे. त्यांना किती मुलं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो आवाज. बोलण्याआधी ते घसा खाकरत आणि चिडले की खाकरायचं विसरत. शेवटच्या वर्षात ते बहुतेक वेळा विसरलेलेच असत.

काशीराम हातखंब्याजवळच्या एका लहान अग्निशमन केंद्रात फोन आणि वायरलेस सांभाळायचा. नोकरी संपल्यावरही त्याला तिथेच बसायला ठेवून घेतलं होतं, कारण त्या खुर्चीत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. टेबलावर पोलिसांचा एक जुना सेट होता. तो तिथे कसा आला याची कुठे नोंद नव्हती. एका वादळाच्या वर्षी झाडं पडून फोन बंद पडले, तेव्हा शिवगण हवालदार स्वतः जीपमधून तो घेऊन आले, जोडून दिला आणि म्हणाले, "तात्पुरता आहे हां." ती पहिली भेट. ते तात्पुरतं एकोणीस वर्षं टिकलं.

त्याचा उपयोग साधा होता. महामार्गावर काही घडलं की पोलीस आपापसात बोलत, ते काशीरामला ऐकू येई, आणि कुणी फोन करायच्या आत बंब फाटकाबाहेर पडे. रोज सकाळी आठ वाजता नियंत्रण कक्षातून शिवगण हवालदार एकेका ठाण्याची हजेरी घेत. सगळ्यात शेवटी विचारत, "बंब, आवाज कसा?" काशीराम म्हणे, "स्वच्छ." मग वहीत लिही : आठ वाजता, आवाज स्वच्छ. खाली सही.

मग नवे डिजिटल सेट आले. पोलिसांची वारंवारिता बदलली, आणि जुन्या सेटला नवं बोलणं ऐकू येणार नाही असं ठरलं. कुणाकुणाला नवे सेट द्यायचे, याची यादी निघाली. तीत अग्निशमन केंद्र नव्हतं. असणार कसं? त्यांच्याकडे सेट आहे हेच मुळी कागदावर नव्हतं!

शिवगण हवालदार अर्ज घेऊन आले. ती दुसरी भेट. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काशीभाऊ, वर विचारलं तर म्हणतात, अग्निशमनवाल्यांनी मागायला हवं. तुमच्या साहेबांना विचारलं तर म्हणतात, सेट आमचा नाही, आम्ही कसा मागू? पुढे मुंबईला फोन केला. ते म्हणतात, वारंवारिता दुसऱ्या खात्याला द्यायची तर परवाना दिल्लीचा. आता मी काय दिल्लीला जाऊन बसू?"

"चहा सांगू?" काशीराम म्हणाला.

"चहा नको, सही आणून द्या."

साहेबांनी सही दिली, पण देताना म्हणाले, "हवालदार, मोबाइलच्या जमान्यात तुम्ही कुठल्या डबड्याच्या मागे लागलाय?" शिवगण घसा न खाकरता म्हणाले, "साहेब, मोबाइलवर एक माणूस एकाला सांगतो. डबड्यावर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. एवढंच मागतोय."

मार्चमध्ये पोलीस नव्या सेटवर गेले. शिवगणांनी नियंत्रण कक्षातला एक जुना सेट मात्र कोपऱ्यात चालू ठेवला. आठची हजेरी नव्या सेटवर संपली की ते उठून कोपऱ्यात जात आणि एकट्या काशीरामला हाक मारत. काही घडलं तर तेही तिथे जाऊन पुन्हा सांगत. त्यांची ड्यूटी दुपारी दोनपर्यंत. दोननंतर जो बसे तो कधी सांगे, कधी विसरे. विसरणाऱ्याचीही चूक म्हणता येत नव्हती, कारण तसा हुकूमच नव्हता.

एप्रिलमध्ये एका दुपारी अडीचला, आंब्याच्या पेट्या नेणारा टेंपो उतारावर पेटला. पेट्यांतला पेंढा भडभडा जळाला. पोलीस नव्या सेटवर बंब मागत राहिले. काशीरामच्या टेबलावरचा सेट गप्प होता. वीस मिनिटांनी एका पानवाल्याचा फोन आला तेव्हा बंब निघाला. ड्रायव्हर जगला, पण पेट्या ओढून काढायच्या नादात त्याचे दोन्ही हात भाजले. बंब चालवणारा नितेश परत आला तो काशीरामवर खेकसलाच.

"नाना, तिथला पोलीस मला म्हणतो, वीस मिनिटं बोंबलतोय, झोपलेलात काय? काय सांगू मी त्याला?"

"इथे काही आलंच नाही रे."

"मग हे ठेवलंय कशाला? हार घाला त्याला नि पूजा करा!"

दुसऱ्या दिवशी आठची हाक झाली, आणि शिवगण तिथेच बोलत राहिले. अर्जाचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. "अग्निशमन केंद्राशी जुन्या संचावर संपर्क सुरळीत असल्याचे केंद्राच्या नोंदवहीवरून दिसते. सबब निकड नाही." मग खरखरीतून म्हणाले, "बघा काशीभाऊ. मी रोज उठून तुम्हाला हाक मारतो, म्हणून सगळं सुरळीत आहे. माझ्याच हाताने माझा अर्ज मारला मी. एकतीस मेला मी रिटायर होऊन घरी जाणार. मग कोपऱ्यात कोण उठून जाणार आहे?"

"मग हो?"

"सोमवारपासून हाक बंद. काही घडलं तर मोबाइलवर कळवीन, दुपारच्या माणसालाही तुमचा नंबर देऊन ठेवलाय. पण सेटवर बोलणार नाही. तुम्ही खरं तेच लिहायचं, संपर्क नाही. तीन दिवस. गुरुवारी झेरॉक्स न्यायला येतो."

काशीराम "हो" म्हणाला. पण एक गोष्ट त्याने हवालदारांना कधी सांगितली नव्हती. त्याचा हात कापे. रोज उभ्याउभ्या लिहिलं तर अक्षर बिघडे. म्हणून सोमवारी पहाटेच लवकर येऊन, चांगलं पेन घेऊन, तो आठवड्याच्या सातही ओळी एकदम लिहून टाकी. आवाज स्वच्छ, आवाज स्वच्छ, सात वेळा, सात सह्या. एकोणीस वर्षांत हाक कधी चुकली नव्हती, त्यामुळे लबाडी केली असं त्याला कधी वाटलं नाही.

त्या सोमवारीही हात सवयीने चालला. सातवी सही झाल्यावर त्याला आठवलं. आता खोडायचं? साहेबांना वहीत खाडाखोड मुळीच खपत नसे. एकदा तारखेतला एक आकडा गिरवला म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आठ वाजले, सेट गप्प राहिला. काशीरामने वही मिटली. मंगळवारी उघडली आणि मिटली. बुधवारी उघडलीही नाही.

गुरुवारी हवालदार स्कूटरवरून आले. तिसरी भेट. त्यांनी पान पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काशीभाऊ, हे काय?"

हवालदारांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"सोमवारी आवाज स्वच्छ. मंगळवारी स्वच्छ. अहो, शुक्रवार पण स्वच्छ? शुक्रवार उजाडायचाय अजून!" ते मटकन खुर्चीत बसले. "दिल्लीवाल्यांशी भांडलो, मुंबईवाल्यांशी भांडलो. तुमच्याशी कसं भांडू ते सांगा."

"खाडाखोड केली तर साहेब..." काशीराम पुटपुटला.

"साहेबांचे हात भाजले काय? भाजले ते टेंपोवाल्याचे." एवढंच बोलून त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. ते ओरडले असते तर काशीरामला सोपं गेलं असतं.

शेवटी काशीरामने पेन उचललं. सोमवारच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'संपर्क नाही. आधीची नोंद हजेरीपूर्वी चुकीने केली. का. रेवाळे.' मंगळवार, बुधवार आणि त्या दिवसाचा गुरुवारही तसाच. पुढच्या तीन ओळी नुसत्याच खोडल्या. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. हवालदार शेजारी उभे राहून म्हणाले, "वाचता येतंय. पुरे."

साहेब दोन दिवस काशीरामशी बोलले नाहीत. पण तो कागद वर गेला, आणि तिथे कुणाला तरी भीती वाटली असावी, कारण खोडलेल्या नोंदी कुणी उगाच पाठवत नाही. बैठक झाली. पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी एक सामाईक चॅनेल मंजूर झालं. सत्तावीस मेला हवालदार नवा सेट घेऊन आले, स्वतः जोडला. ती चौथी भेट. जुना सेट काखेत मारून जाताना म्हणाले, "हा तात्पुरता होता, घेऊन चाललो." पाणीसुद्धा न पिता गेले. काशीरामला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते काय, हे त्याला अजून नीट सांगता येत नाही.

शोकसभेला तो गेला आणि मागे बसला. बोलला नाही. लोक हवालदारांच्या शिस्तीबद्दल, भजनाबद्दल बोलत होते. ते भजन गात, हे त्याला तिथे कळलं.

त्या एकतीस मेला, हवालदारांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी आठ वाजता हजेरी झाली होती. नव्या सेटवर खरखर नव्हती. सगळी ठाणी ऐकत होती, म्हणून खाजगी बोलायची सोय नव्हती. शेवटी घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बंब, आवाज कसा?"

"स्वच्छ."

"वहीत लिहिलंत?"

"आता लिहितो."

"आधी नाही ना लिहिलंत?"

"नाही, हवालदार."

"बरं. मग लिहा."