जर्मनकाकांचं तिकीट

जर्मनकाका रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, बूट घालून तयार होत. आणि कुठेही जात नसत. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात ते आमच्या शेजारी, त्यांच्या मुलाकडे, निखिलकडे राहत. पुण्यात जन्मभर कॉलेजात जर्मन शिकवलेला माणूस. काकू गेल्यावर निखिलने त्यांना इकडे आणलं. काकांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, आणि चालत जाण्यासारखं जवळपास काही नव्हतं. "इथे सगळं मिळतं रे," ते म्हणायचे, "पण घरापर्यंत आणून मिळतं!"

शनिवारी मी त्यांना लायब्ररीत घेऊन जायचो. तिथे त्यांना एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन लेखक सापडला. राजाविरुद्ध लिहिलं म्हणून पकड वॉरंट निघालं, तेव्हा पळून मिशिगनला आलेला. उन्हाळाभर शेती करायची, हिवाळाभर जर्मनमध्ये कादंबऱ्या लिहायच्या. त्याच्या नातवंडांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. काका त्याचं चरित्र मराठीत लिहू लागले. येताना कारमध्ये हळहळत सांगायचे, "आज बिचाऱ्याची गाय मेली."

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काकांनी त्याच्यावर भाषण केलं. निम्मी मंडळी जेवणाच्या रांगेत होती. शेवटी त्यांच्या नातीने, अन्वीने, हात वर केला. "आजोबा, डिड ही एव्हर गो होम?"

काका म्हणाले, "त्याला माफी मिळाली होती, बाळा. पण तोवर सगळे म्हणाले, आता या वयात कुठे जाता? त्याने ऐकलं."

घरी परतताना आम्ही सगळे निखिलच्या कारमध्ये होतो. काका एवढंच म्हणाले, "निखिल, माझं तिकीट काढ."

"बाबा, प्लीज. तिकडे कोण आहे तुमचं बघायला? फ्लॅटसुद्धा विकलाय आपण."

"फ्लॅट विकलास. पुणं नाही ना विकलंस?"

निखिल कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. मुलगा वाईट नव्हता. आईच्या शेवटच्या आजारपणात व्हिसामुळे त्याला जाता आलं नव्हतं. आता वडील नजरेआड व्हायची भीती वाटायची. अखेर तिकीट त्यानेच काढलं. एअरपोर्टवर त्याने काकांच्या स्वेटरची बटणं लावली, आणि शेवटच्या बटणावरचा हात काही केल्या काढेना.

दिवाळीनंतर मी पुण्याला फोन केला. काका एका भाड्याच्या खोलीत राहत होते.

"ओळखीचं कुणी उरलं नाही रे. जोशी मुलाकडे बॉस्टनला, कुलकर्णी देवाघरी."

"मग परत येताय का, काका?"

"छे! चल, ठेवतो. मंडईत निघालोय, चालत."

"काय आणायचंय?"

"काही नाही. उगाच."