सुनेत्राचा आग्रह

सुनेत्राच्या घरून कुणी अर्धपोटी परत गेलं, असं इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये अजून तरी घडलेलं नाही. बॉयलर बघायला आलेल्या माणसालाही तिने थालीपीठ खायला लावलं होतं, आणि तो बिचारा 'नो, थँक यू' म्हणाला तेव्हा त्याच्या ताटलीत दुसरं ठेवलं होतं. मंडळाच्या गणपतीत ती वाढायला आली की अनुभवी माणसं ताटावर दोन्ही हात आडवे धरत. ती बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढे. नवरा, मोहन, म्हणायचा, "अगं, माणसाच्या पोटाला काही मर्यादा असते." त्यावर ती त्यालाच आणखी एक पोळी वाढायची.

अशा बाईच्या सख्ख्या भावाला कॅन्सर झाल्यावर तिने काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. पुरुषोत्तम, तिचा दादा, लंडनच्या पिनर भागात राहायचा. आयुष्यभर हॉस्पिटलांत लोकांना भूल देऊन रिटायर झालेला डॉक्टर, आणि सुप्रभावहिनी गेल्यापासून एकटा. आतड्याचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि सुनेत्रा दोन बॅगा, कुकर आणि मिक्सर गाडीत घालून त्याच्या दारात हजर झाली. स्वयंपाकघर तर तिने कोट काढायच्या आधीच ताब्यात घेतलं.

आता आहार कसा, तर हेल्दी. साऱ्या नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ज्ञान तिने एकत्र कालवलं. साखर बंद, तूप बंद, दूध बिनसायीचं. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, संध्याकाळी वाफवलेली ब्रॉकोली. आणि तोंडी लावायला आग्रह होताच.

"एवढं संपव बरं. माझ्यासाठी."

दादा निमूटपणे जेवायचा. म्हणजे तिला तसं वाटायचं, कारण ती फोन घ्यायला वर जाऊन येईपर्यंत ताट लख्ख झालेलं असे. वजन मात्र उतरत होतं. शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान हरवायला लागली होती. शेवटी नर्सने स्पष्टच सांगितलं, वजन असंच घसरत राहिलं तर पुढची केमो लांबणीवर टाकावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राने मागचं दार उघडलं, तर पॅटिओच्या फरशीवर कोल्हा. पिनरला कोल्ह्यांचं कुणाला नवल नाही, पण हा चांगला गुबगुबीत होता आणि नेहमीचं गिऱ्हाईक असल्यासारखा बसून जेवत होता. त्याच्यापुढे तिच्याच हातची भाकरी होती आणि तिच्याच हातची उसळ. ब्रॉकोली तेवढी बाजूला पडली होती. तिला कोल्ह्यानेही तोंड लावलं नव्हतं.

"दादा!"

दादा ड्रेसिंग गाऊनमध्ये दाराशी आला आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा राहिला.

"अगं सुनू, दोन घासांपुढे जातच नाही. तोंडाला सगळं लोखंडासारखं लागतं."

"मग सांगायचंस ना मला! कोल्ह्याला काय घालतोस?"

"तुला नाही म्हणून दाखवलंय का कुणी आजवर? आणि तू समोर बसून माझा एकेक घास बघतेस. मला वाटतं मी परीक्षेला बसलोय. नापास झालो तर तू रडशील."

यावर ती रडलीच. इतके दिवस ती भावाला भरवत नव्हती, धरून ठेवत होती, हे तिचं तिलाही तेव्हाच कळलं.

पुढच्या अपॉइंटमेंटला तिने मायरा नावाच्या डाएटिशियनला कोल्ह्यासकट सगळं सांगून टाकलं. मायरा आधी पोटभर हसली, मग खुर्ची पुढे ओढून नीट बोलली. सध्या दादासाठी हेल्दी म्हणजे वजन टिकणं. चोथा कमी, आणि दूध फुल फॅट. तूप, लोणी, अंडी, क्रीम, सगळं चालेल. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि लहान वाटीत. तूप म्हटल्यावर सुनेत्राचा चेहरा उजळला.

"अँड प्लीज, नो प्रेशर," मायरा म्हणाली. "समोर ठेवायचं आणि दुसऱ्या विषयावर बोलायचं."

सुनेत्राचा चेहरा पुन्हा पडला.

तूप घालणं सोपं होतं. तोंड बंद ठेवणं म्हणजे अग्निदिव्य! 'अजून' हा शब्द ओठांवर आला की ती उठून भांडी घासायला लागे. डिशवॉशरमधून निघालेली भांडीही तिने पुन्हा घासली. पहिल्या दिवशी दादाने अर्धी वाटी तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशीही. तिने मोहनला फोन केला.

"तो खातच नाहीये रे. त्याला काही झालं तर? मी नुसती बघत बसू?"

"बघत नको बसूस," मोहन म्हणाला. "भांडी घास. मी शनिवारी येतो, मग दोघं मिळून घासू."

ती रडता रडता हसली.

वजन करायच्या आदल्या दिवशी तिने मऊ भात केला, मुगाचं साधं वरण केलं, वर तूप आणि लिंबू. लोखंडासारखं लागू नये म्हणून चमचा लाकडी. लहानशी वाटी दादापुढे ठेवली, उद्या पाऊस आहे म्हणे, असं काहीतरी बोलली, आणि सिंककडे जाऊन, पाठ करून नळ सोडला. मागे चमचा वाटीला लागला. पुन्हा लागला. मग थांबला. वळून बघायची तिला इतकी इच्छा झाली की तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"सुनू."

"काय रे?"

"वरण आहे का अजून थोडं?"

तिने नळ बंद केला. साठी उलटून गेलेल्या सुनेत्राने आजवर किती पंगती वाढल्या असतील याला गणती नव्हती, पण तिच्याकडे कधी कुणी मागून घेतलं नव्हतं. तिने तशी वेळच कुणावर येऊ दिली नव्हती. तिचे डोळे भरून आले. सवयीने तिने डाव काठोकाठ भरला, वाटीपर्यंत नेला, आणि थांबली. अर्धं वरण परत पातेल्यात ओतलं. उरलेल्यावर तुपाची धार सोडून वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि एक शब्द न बोलता पुन्हा सिंकशी जाऊन उभी राहिली.

या वेळी तिने नळ सोडला नाही. तिला चमच्याचा आवाज ऐकायचा होता.