सायकलचा पंप

सायकलच्या चेनला तेल घालताना त्याचा वास नाकात शिरला आणि मी क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचलो.

टेबलावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरला होता. रूळ काढून सायकलवाट केलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून आठवडाभर सायकल चालवायची, मुक्काम कॅम्परव्हॅनमध्ये, असा माझा आणि माझ्या मुलाचा, ओमचा बेत. मी मुक्कामांवर लाल खुणा करत होतो, तेवढ्यात ट्यूशनच्या बाईंचा फोन आला. ओम महिनाभर फिरकलाच नव्हता.

बारा वर्षांचा ओम घरी आला तेव्हा त्याचे हात चेनच्या तेलाने काळे झाले होते.

"कुठे होतास?"

त्याने हात पाठीमागे लपवले. मी पंप उचलला आणि पाठीवर, दंडावर, लागेल तिथे हाणत सुटलो. बायको मध्ये पडली, तर तिलाही ढकललं. नकाशा फाटला.

"आय वॉज प्रॅक्टिसिंग, बाबा!" तो किंचाळला. "फॉर अवर ट्रिप!"

ती ट्रिप झालीच नाही.

आज सव्वीस वर्षांचा ओम लॅपटॉपवर तोच मार्ग आखतोय. "बाबा, व्हॅन तुम्ही चालवा," म्हणाला. मी हसून टायरमध्ये हवा भरायला पंप उचलला.

स्क्रीनवरची नजर न हलवता त्याने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.