पार्दीची नियत

गुनुंगकिदुलच्या डोंगरातल्या त्या वाडीत पार्दी पिंजरेवाल्याचं नाव काढलं की लोक आधी हसायचे. पाखरांचे बांबूचे पिंजरे असे विणायचा की बघत राहावं, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. परवा त्याची लेक वेनिंग इंग्रजीचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती. ‘इन्टेन्शन’ या एका शब्दासाठी शाळेत त्यांच्या भाषेतले तीन शब्द सांगितले होते: माक्सुद, तुजुआन आणि नियात.

“बाबा, तिन्ही सारखेच ना?”

“सारखे कसे गं? माक्सुद म्हणजे बोलण्यामागचा हेतू. तुजुआन म्हणजे कुठं पोचायचंय ते. आणि नियात, म्हणजे नियत...” पार्दी अडखळला. “ते तुझ्या आईला विचार,” म्हणाला आणि उठून चालता झाला.

एवढा बोलघेवडा माणूस या शब्दापाशी गप्प होतो, त्याला कारण आहे.

त्याची म्हातारी आई सामिनेम. जन्मभर तिनं बकरी ईदला दुसऱ्यांच्या कुर्बानीचं मटण घेतलं, मशिदीमागं पिशवी धरून रांगेत उभं राहून. जिवाला एकच आस होती. एकदा तरी आपल्या दारचा बोकड कापावा, गावाला वाटावा आणि त्यातला आपला वाटा आपल्याच चुलीवर रटरटावा. त्यासाठी तिनं एक करडू पोटच्या पोरासारखं वाढवलं.

आता वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं, की बोकड कशासाठी असं कुणी विचारलं तर “ईदला खायला” एवढंच म्हणायचं. “हा कुर्बानीचा” असं बोलून गेलात की तो नवस ठरतो, आणि नवसाच्या मटणाचा तुकडाही घरच्यांना चालत नाही. सगळं गोरगरिबांचं. म्हातारीनं लेकाला शंभरदा बजावलं होतं, “बाबा रे, जीभ आवर.”

पण कॉफीच्या टपरीवर गुरांचा व्यापारी दार्मो बसला होता. “काय पार्दी, यंदाही म्हातारी पिशवी घेऊन रांगेत का?” सगळे फिदीफिदी हसले. पार्दीचं टाळकं सटकलं.

“ऐका रे सगळे! दारातला बोकड आईच्या नावानं देवाला दिलाय. कुर्बानीचा आहे तो!”

झालं! बोलून बसला.

गोष्ट मशिदीच्या कियाईंच्या, म्हणजे मौलवींच्या, कानावर गेली. मस्दुकी कियाई भला माणूस. ईदच्या आदल्या दिवशी चारचौघांत त्यांनी पार्दीला हळूच विचारलं, “तू खरंच नवस बोललास, की रागाच्या भरात नुसतं सांगून गेलास? नुसतं सांगितलं असशील तर म्हातारीला खुशाल खाऊ दे. तुझी नियत तुलाच ठाऊक.”

अहो, दार उघडं करून दिलं होतं त्यांनी! ‘फुशारकी मारली’ एवढंच म्हणायचं होतं. पण दार्मो समोरच गालातल्या गालात हसत होता.

“नवसच होता,” पार्दी म्हणाला.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. म्हातारीचे डोळे भरून आले. “माझ्या नावानं नवस केलास? अरे वेड्या!” असं म्हणून तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आता खरं सांगायचं तरी कसं?

ईदला बोकड कापला, सगळा वाटला. शेजारची जुमियाह आपला वाटा घेऊन आली, कारण नारळाच्या दुधातला रस्सा सामिनेमसारखा कुणाला जमत नसे. म्हातारीनं मसाला वाटला, भांडं चढवलं, घरभर वास सुटला. सवयीनं पळी ओठांपाशी नेली आणि तशीच जुमियाहपुढं धरली.

“मीठ तू बघ गं बाई. मला चालत नाही. लेकाचा नवस आहे.”

किती दिमाखात म्हणाली! पार्दी दारात उभा होता. ‘आये, खा, मी खोटं बोललो,’ हे शब्द ओठांवर आले आणि त्यानं ते गिळले. पुढच्या वर्षी दुसरा बोकड आणू, तेव्हा पोटभर खाऊ घालू, अशी मनाची समजूत घातली. चुकलंच त्याचं. पुढच्या ईदआधीच म्हातारी तापानं फणफणली, ती उठलीच नाही.

शेवटच्या दिवशी शेजारणी भोवती बसल्या होत्या. “बिचारीनं आपल्या बोकडाचा घासही चाखला नाही,” जुमियाह हळहळली. म्हातारीनं डोळे उघडले.

“घासाचं काय गं घेऊन बसलीस? माझ्या पोराची नियत बघ. देव सगळ्यांच्या पोटी असली पोरं देवो.”

पार्दी तिचे पाय चेपत होता. त्यानं मान वर केली नाही, नुसता चेपत राहिला.