नेने मास्तरांचे चिमूटभर मीठ

नेने मास्तर जेवायला बसले की पानातल्या मिठाची चिमूट प्रथम डोळ्यांसमोर धरीत आणि म्हणत, "आम्लाची आणि अल्काची जुंपली होती; भांडण मिटले, हे उरले." जव्हारच्या शाळेत ते रसायन शिकवीत आणि त्यांचे हे वाक्य पंचक्रोशीला पाठ होते. मी कचेरीच्या ओसरीवर अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण पाचवीत थांबले होते. तथापि दरबारी मसुद्यात माझा हात धरणारा संस्थानात दुसरा नव्हता, हे नम्रपणे नमूद करतो.

एके सकाळी साखरशेतचा महादू लाल डागांचे लुगडे घेऊन आला. त्याच्या पुतण्याचे लग्न ठरले होते आणि नवरीचे हळदीचे लुगडे तिच्या मावशीने, सकूने, धुतले होते. सकू मागोमाग येऊन अंगणातच थबकली.

"हलदीचं रगत झालं, भाऊ! ही बाय भुताळी हाय. लगीन मोडा, न् हिला गावाभायेर काढा, असं लिवा," महादू म्हणाला.

"राखेच्या पाण्यात धुतलं, दुसरं काय नाय केलं रं!" सकू रडत म्हणाली.

तिच्याकडे लक्ष न देता मी दोन पाने लिहिली आणि माझ्या रिवाजाप्रमाणे शुभशकुनासाठी कोपऱ्यांना ओली हळद लावली. तेवढ्यात शाळेला निघालेले मास्तर थांबले. त्यांनी अर्ज वाचला.

"भाषा भारदस्त आहे. जरा तुमची चुन्याची डबी द्या."

मी ती अभिमानाने दिली. मास्तरांनी बोटभर चुना एका कोपऱ्याला लावला. कोपरा लालभडक झाला!

"अरेरे! महादू, अर्जनवीसही भुताळे निघाले. आता यांना कोठे काढायचे?"

महादू माझ्यापासून दोन पावले सरकला.

"चुना अल्क, म्हणजे आम्लाचा वैरी; राखेचे पाणीही अल्क. हळदीला अल्क लागला की ती लाल होते. कुंकू असेच करतात." मास्तरांनी वर्गातल्या प्रयोगासाठी घेतलेले लिंबू खिशातून काढून चिरले आणि महादूच्या हाती दिले. "हे आम्ल. पीळ त्या डागावर."

डाग पिवळा झाला. महादूने अख्खे लिंबू पिळून संपवले.

"पाहिलेस? जुंपली होती, मिटली."

महादू खाली मान घालून अंगणात उतरला. "चुकलो गं, सकूबाय."

"मंग नवऱ्याचं हलदीचं धोतर तू धू. राखंत!" सकू डोळे पुसत म्हणाली, आणि सारी कचेरी हसली. अर्ज मी स्वहस्ते फाडला.

लग्न ठरल्या दिवशी लागले. पंगतीत सकूने मीठ वाढले. मास्तरांनी चिमूट उचलली, तोच शेजारून महादू म्हणाला, "मिटलं, मास्तर. हेच उरलं ना?"

पुढे मास्तर बदलून गेले. माझी लेखणी अजून चालते. मात्र तक्रार कितीही ठसठशीत असो, लेखणी उचलण्यापूर्वी मी अंगणात कोण उभे आहे ते पाहतो आणि त्याला ओसरीवर बोलावतो.