दोन भावांच्या दोन बॅटऱ्या

बोटींच्या गाद्या, पडदे आणि कापडी छतं शिवण्यात शिवणताईचा हात धरणारं त्या धक्क्यावर कुणी नव्हतं. पण तिचं दुकान होतं पाण्यापासून दोन गल्ल्या आत, एका चिंचोळ्या जिन्यावर. लोक गाद्या डोक्यावर घेऊन यायचे, जिन्यात अडकायचे आणि वर पोचेपर्यंत मापं विसरायचे. एकदा एका गिऱ्हाइकाची भलीमोठी ताडपत्री वळणावर अशी काही रुतली की बिचाऱ्याला वरही येता येईना आणि खालीही जाता येईना. त्याला ओढून काढता काढता शिवणताईच्या मनानं घेतलं, की आता दुकानानंच बोटींकडे जावं.

पन्नाशी उलटली होती तिची. तिनं रुंद बुडाची एक जुनी बोट घेतली, पुढच्या खोलीत शिलाई मशीन रोवलं, मागच्या खोलीत पलंग आणि शेगडी मांडली, आणि सगळं झाल्यावर भावांना कळवलं. आधी कळवलं असतं तर बोट अजून कागदावरच राहिली असती.

भाऊ दोन. थोरला दादा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. धाकटा बाळ्या ट्रक चालवणारा, नाव बाळ्या आणि वजन शंभर किलो. दोघांचा बहिणीवर जीव. बोटीवर मशीन चालवायचं तर वीज लागणार, हे दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. बाळ्यानं पुढच्याच आठवड्यात शिशाची, पाणी घालायची थोराड बॅटरी खांद्यावरून आणली आणि इंजिनाशेजारच्या कप्प्यात बसवली. "ताई, ही डोळे झाकून चालव. फक्त अधूनमधून पाणी बघत जा."

चार दिवसांनी दादा आला. त्याच्या हातात लिथियमची नवी बॅटरी होती, दिसायला चहाच्या डब्याएवढी आणि ताकदीला दुप्पट. रात्र-रात्र वाचून त्यानं ती निवडली होती. "चिमे, ते ओझं काढून टाक. जमाना बदलला."

आता कुणाची काढायची? बाळ्याची काढली तर तो रुसणार, दादाची परत केली तर तो काही बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. शिवणताईनं दोन जाड वायरी घेतल्या आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडून टाकल्या. धक्क्यावरून वीज घ्यायच्या चार्जरला एक बटण होतं, एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला लिथियम. तिनं ते लिथियमवर ठेवलं, कारण दादा मोठा.

मग रोज संध्याकाळी फोन. बहीण कशी आहे हे विचारायच्या आधी प्रश्न असायचा, "माझी बॅटरी वापरतेस ना?"

"तुझीच तर चालू आहे," शिवणताई दोघांनाही सांगायची. आणि खोटं तर नव्हतंच ते.

थोड्याच दिवसांत बोटीत कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला. शिवणताईनं टोपलीतली अंडी बदलली. वास तसाच. मग तिनं अंडी खायचीच सोडली, पलंग हलवला, कापडाचे सगळे तागे उन्हात घातले. शेजारच्या बोटीवरच्या मांजरीवरही दोन दिवस संशय घेतला. वास काही हटेना.

तेवढ्यात पलीकडच्या धक्क्यावरच्या प्रवासी बोटीच्या कप्तानाकडून मोठं काम आलं. त्याला अख्ख्या बोटीवर कापडी छत हवं होतं, उन्हाचा तडाखा वाढायच्या आत. इतकं लांब कापड एकटीनं आवरेना, म्हणून भाऊ मदतीला आले. बाळ्या सुकाणूवर बसला, दादा कापडाचं टोक धरून उभा राहिला, आणि पलीकडे जाता जाता शिवणताईनं मशीन सुरू केलं.

"चिमे, कसला वास येतोय गं?" दादानं नाक मुरडलं.

"अंड्यांचा."

"अंडी कुठायत?"

"नाहीत. तीच तर गंमत आहे."

बोलणं संपतंय तोच मशीन टाक्याच्या मधोमध बंद पडलं. पाठोपाठ इंजिनाकडून जळकट धूर आला. बाळ्यानं झटकन इंजिन बंद केलं आणि झाकण उघडलं. इंजिन फिरलं की वीज तयार करणारा अल्टरनेटर तव्यासारखा तापला होता.

"बघ, तुझ्या त्या डब्यानं वाट लावली!" बाळ्या दादावर ओरडला.

"माझ्या? हा वास तुझ्या बॅटरीचा आहे, गाढवा!"

बोट आपली डुलत निघाली होती आणि दोघे भाऊ हातवारे करत भांडत होते. काठावरच्या प्रवाशांना वाटलं, कसला तरी खेळ चाललाय. शेवटी त्याच कप्तानानं दोर टाकला आणि त्याच्या प्रवासी बोटीनं शिवणताईचं दुकान ओढत धक्क्याला आणलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर बोटींची वायरिंग करणारी एक बाई होती. तिच्या नवऱ्यालाही धक्क्यावर सगळे दादाच म्हणत, म्हणून ती झाली फ्यूजवहिनी. ती आली, आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडीला कुणी हात लावू नये म्हणून बजावलं आणि कप्प्यात डोकं घातलं.

"ह्या दोघींना एकत्र कुणी बांधलं?" आतून आवाज आला.

दोघे भाऊ एकदम म्हणाले, "यानं!"

"मी," शिवणताई म्हणाली.

दोघे भाऊ गर्रकन तिच्याकडे वळले.

"का पण, ताई?" बाळ्यानं विचारलं.

"तुम्हा दोघांची तोंडं बंद राहावीत म्हणून! एकीची वायर सोडली असती तर वर्षभर मला ऐकावं लागलं असतं."

फ्यूजवहिनी हसत बाहेर आली. "बॅटऱ्या दोन्ही चांगल्या आहेत हो. पण दोघींच्या जेवायच्या तऱ्हा वेगळ्या. लिथियमवाली मिळेल तेवढं भराभर ओढते. तुमचा अल्टरनेटर तिला वाढता वाढता तापला. बाहेरून विजेचा जास्त दाब आला की ती स्वतःला बंदही करून घेते, म्हणून मशीन थांबलं. शिशाच्या बॅटरीला चार्ज करायचं तर शेवटी हळूहळू, बेतानं. तिला तुम्ही लिथियमच्या मापानं भरत होतात, तेही ह्या गरम कप्प्यात. तिचं पाणी उकळून उडालं, म्हणून तिलाही मशीन ओढवेना. अंड्यांचा वास येतो तो तिच्यातून निघणाऱ्या वायूचा."

"म्हणजे अंडी मी उगाच सोडली?" शिवणताईला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारभर काम चाललं. फ्यूजवहिनीनं मधली वायर काढून टाकली. शिशाची बॅटरी राहिली इंजिन चालू करायला, दिव्यांना आणि पंपाला, लिथियमची मशीनला. अल्टरनेटर आता फक्त शिशाच्या बॅटरीला भरणार होता, आणि तिच्याकडून घेऊन एक छोटी पेटी लिथियमवालीला मोजूनमापून वीज देणार होती. धक्क्यावरच्या विजेसाठी दोघींना आपापला चार्जर. बाळ्या वाकून-वाकून शुद्ध केलेलं पाणी भरत होता आणि दादा त्याच्या खांद्यावरून पातळी बघत "बास, बास" म्हणत होता. एकदाही भांडले नाहीत. दोघांनाही लाज वाटली असावी, किंवा भूक लागली असावी.

अल्टरनेटर निवल्यावर इंजिन सुरू केलं. फ्यूजवहिनीनं त्याच्यावर हात ठेवून बघितला आणि मान डोलावली. मशीन असं पळायला लागलं की दादाला कापड सोडायला वेळ पुरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत चढलं. बाळ्यानं दोर ताणले, दादानं सगळे कोपरे डोळ्यांनी मोजले आणि एक गाठ पुन्हा बांधायला लावली. पहिली फेरी भरली. प्रवासी सावलीत बसले, आणि दोघे भाऊही त्यांच्यात जाऊन पुढच्या बाकावर ऐसपैस बसले, जसं काही छत त्यांनीच शिवलंय.

कप्तान बाकावरून हात फिरवत म्हणाला, "ताई, सावली झाली, पण हे बाक फार टोचतात हो. गाद्यांचं जमेल?"

"गडद निळ्या करू," बाळ्या म्हणाला.

"मळखाऊ हव्यात. करड्या," दादा म्हणाला.

"दोघे उठा आधी," शिवणताईनं गळ्यातली टेप काढली. "मला बाकाचं माप घ्यायचंय."