हाडाची चिमटी

साठच्या दशकात मी दुबईत खाडीकाठच्या एका पेढीवर कारकून होतो. दिवसभर बसून कंबर धरायची. डॉल्फिनचं तेल चोळलं की आराम पडतो, असं खोलीतले रत्नागिरीकर म्हणाले आणि मी लगेच बाटली घेऊन किनाऱ्यावर गेलो. अक्कल तेव्हाही बेताचीच होती.

तिथे एक म्हातारा जाळं शिवत होता. पूर्वी तो मोत्यांसाठी बुड्या मारायचा, त्यात एक कान गेलेला. बुडताना नाकाला लावायची हाडाची चिमटी अजून गळ्यात होती. मुंबईच्या मोतीवाल्यांकडून उचललेल्या हिंदीत त्याने सांगितलं, की काल जाळ्यात डॉल्फिन अडकला होता, म्हणून जाळंच कापलं.

"अरे, मेरे को तेल होना था," मी हळहळलो.

त्याने सुई खाली ठेवली, चिमटी माझ्या नाकाला लावली आणि तळहाताने तोंड दाबलं. दहा मोजायच्या आत मी त्याच्या मनगटावर चापट्या मारू लागलो. त्याने शांतपणे हात काढला.

"वो भी ऊपर आके सांस लेता है, रफीक." तिथे कुणालाही 'दोस्त' म्हणायचं तर रफीकच म्हणत. "नीचे अटकने से कैसा लगता, मेरे को मालूम."

"दुसरा कोई पकडेगा तो?"

"उसका भी जाल काटेगा. खलास."

आणि तो पुन्हा शिवायला लागला.

कंबर आजही धरते. बायको नवीन तेल आणते, तेव्हा मी आधी एक दीर्घ श्वास घेतो आणि मग विचारतो, "हे कशाचं?"